पुठ्ठ्याच्या खोक्याने दिलेला निकाल

आभासी वास्तव शाळा-महाविद्यालयांत का रुजत नाही, या प्रश्नाला सध्या एक ठरलेले उत्तर मिळते. हेडसेट महाग आहेत. शाळांत वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा नाही. मराठीत सामग्री नाही. शिक्षकांना प्रशिक्षण नाही, आणि प्रशिक्षण दिले तरी त्यांची मानसिकता बदलत नाही. शोधनिबंध, परिसंवाद, विक्रेत्यांची सादरीकरणे, सगळीकडे हीच यादी थोड्याफार फरकाने आढळते. पुढचा निष्कर्षही ठरलेला असतो: अडथळे एकेक करून दूर करा, तंत्रज्ञान आपल्या पायांनी वर्गात येईल. या यादीतला प्रत्येक तपशील खरा आहे. तिच्यावर उभारलेली कारणमीमांसा मात्र चुकीची आहे, आणि ती चूक महागात पडणारी आहे. तिच्या आधारावर खरेदी होते, धोरणे आखली जातात आणि शेवटी अपयशाचे खापर शिक्षकांच्या डोक्यावर फुटते.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर त्याच्या खंडनाला काही किंमत उरत नाही, म्हणून आधी तो पूर्ण ताकदीने मांडतो. हृदयाचे कप्पे सपाट आकृतीत पाहणे आणि त्या कप्प्यांच्या आत उभे राहून झडपा उघडताना-मिटताना पाहणे यांत मोठा फरक आहे. जे अनुभवले ते मनात राहते, हे कोणीही सांगेल. साधनाची किंमत तर झपाट्याने उतरते आहे. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली केलेले डोक्यावर घालायचे यंत्र इतके जड होते की ते छताला टांगावे लागे. २०२० मध्ये क्वेस्ट २ हा बिनतारी हेडसेट २९९ डॉलरना बाजारात आला. शिक्षणशास्त्राचाही या मताला आधार आहे. पेगी अर्टमर यांनी १९९९ साली वर्गातल्या तंत्रज्ञानापुढच्या अडचणींचे दोन थर सांगितले. पहिल्यात साधने, वेळ आणि प्रशिक्षण येतात, तर दुसऱ्यात शिकवण्याविषयीच्या शिक्षकाच्या धारणा. त्याआधी १९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस यांनी असे प्रारूप मांडले होते की, एखादे साधन माणसाला उपयोगी वाटले आणि वापरायला सोपे वाटले की तो ते स्वीकारतो. आजही या विषयावरचे कितीतरी प्रबंध याच दोन चौकटींत बसवलेले असतात. आपल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये डिजिटल सामग्रीच्या भांडारात आभासी वास्तवाचा नावाने उल्लेख आहे. आणि परिणामांचा पुरावाही आहे: हेडसेट वापरून केलेल्या ३५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२० साली प्रसिद्ध झाले, आणि त्यात शिकण्यावरचा सरासरी परिणाम हेडसेटच्या बाजूने निघाला. मग राहिले काय? पैसा आणि मन वळवणे.

या युक्तिवादाचा पाया असा की अडचण साधनाच्या बाहेर आहे. ती बाहेर असेल, तर बाहेरच्या सगळ्या अडचणी हटवल्यावर साधन रुजायला हवे. असा प्रयोग कुणी केला आहे का? केला आहे. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीने तो सात वर्षे केला.

जून २०१४ मध्ये गूगलने आपल्या वार्षिक परिषदेत कार्डबोर्ड नावाची वस्तू वाटली. पॅरिसच्या गूगल कल्चरल इन्स्टिट्यूटमधल्या दोन अभियंत्यांनी ती केली होती: घडी घातलेला पुठ्ठा, दोन भिंगे, एक चुंबक, आणि आत सरकवायला आपलाच फोन. आराखडा सर्वांना खुला होता. कुणीही कात्री घेऊन तो कापावा आणि जोडावा. आपल्याकडेही असे खोके दोन-तीनशे रुपयांत मिळू लागले. २०१५ मध्ये शाळांसाठी एक्सपिडिशन्स ही योजना आली. हिची रचना विचारपूर्वक केलेली होती, हे आवर्जून सांगायला हवे. शिक्षकाच्या हाती टॅब्लेट, मुलांच्या हाती फोन बसवलेली खोकी. शिक्षक दृश्य निवडणार, एखाद्या जागी बोट ठेवणार, मुलांना त्या दिशेला बाण दिसणार. कोणते मूल कुठे पाहते आहे हे शिक्षकाच्या पडद्यावर छोट्या चेहऱ्यांच्या खुणांनी कळणार. दृश्ये आधी उतरवून घेतली की वर्गात इंटरनेटही लागत नसे. एक राउटर पुरे. कंपनीची माणसे स्वतः संच घेऊन शाळाशाळांत गेली आणि शिक्षकांना शिकवून आली. शेकडो सफरी तयार होत्या.

म्हणजे महाग हेडसेट, इंटरनेट, सामग्री, प्रशिक्षण, या यादीतल्या चार अडचणी एकाच वेळी जवळजवळ शून्यावर आणल्या गेल्या. पुढे काय झाले हे नोंदलेले आहे. फोनवरच्या आभासी वास्तवाचा गूगलचा पुढचा प्रयत्न, डेड्रीम, ऑक्टोबर २०१९ मध्ये थांबला. मार्च २०२१ मध्ये कार्डबोर्डची विक्री बंद झाली. ३० जून २०२१ रोजी एक्सपिडिशन्स बंद झाले. त्यातल्या बऱ्याच सफरी गूगलच्या कला-संस्कृतीच्या ॲपमध्ये हलवल्या गेल्या, पण शिक्षकाने पुढे चालावे आणि वर्गाने मागून यावे ही सोय, म्हणजे जी खरी शाळेसाठी होती तीच, गेली.

यावर दोन उत्तरे येतात. एक असे की महासाथीने शाळा बंद पडल्या आणि एकमेकांची उपकरणे डोळ्यांना लावणे धोक्याचे झाले. हे खरे, पण डेड्रीम त्याआधीच संपले होते. दुसरे उत्तर अधिक वजनाचे आहे: पुठ्ठ्यातले आभासी वास्तव निकृष्ट होते, त्यात मान फिरवता येई पण चालता येत नसे, हात वापरता येत नसत, खऱ्या हेडसेटची परीक्षा त्यावरून करू नये. मान्य. पण मग किंमत हा अडथळा आहे हे म्हणणे सोडून द्यावे लागते. किंमत शून्यावर आणली तेव्हा दर्जा आड आला, आणि दर्जा वाढवला की पुन्हा किंमत आड येते, अशी ही मांडणी कोणत्याही निकालाने खोटी ठरू शकत नाही. जे मत कोणत्याही निकालाने खोटे ठरत नाही, त्याच्यावर शाळांचे पैसे खर्च करू नयेत. शिवाय कार्डबोर्डचा आराखडा खुला होता. शाळांना त्याची निकड भासली असती तर कंपनी निघून गेल्यावरही कुणीतरी ते काम पुढे नेले असते. फळा आणि खडू कोणत्या कंपनीने सोडून दिले म्हणून वर्गातून गेले नाहीत.

आता शिक्षकांवरच्या आरोपाकडे येतो. या सगळ्या वादात मला सर्वांत जास्त अन्याय्य वाटते ते हेच. अर्टमर यांचा दुसरा थर आणि डेव्हिस यांचे प्रारूप यांच्या आधाराने होणाऱ्या सर्वेक्षणांत शिक्षकाला विचारले जाते की हे साधन त्याला उपयोगी वाटते का. ‘वाटत नाही’ असे उत्तर आले की त्याची नोंद अडथळा म्हणून होते. ते उत्तर बरोबर असू शकेल, ही शक्यता प्रश्नावलीत कुठेच नसते. साधन चांगले आहे हे आधीच ठरलेले, म्हणून नकार देणाऱ्याच्या मनातच काहीतरी खोट असणार.

प्रत्यक्ष वर्गात उभे राहून पाहू. पस्तीस मिनिटांची तासिका, चाळीस मुले. अनुभवी शिक्षिका ‘कळलं का?’ हा प्रश्न तोंडाने विचारते, पण उत्तर मुलांच्या डोळ्यांत शोधते. कुणाच्या कपाळावर आठी पडली, कोण शेजारच्याच्या वहीत पाहतो, कोण मान हलवतो पण हरवला आहे, हे तिला दिसते, आणि पुढचे वाक्य ती त्यावरून ठरवते. शिकवण्याचा मोठा भाग या सतत चाललेल्या पाहण्याचा आहे. हेडसेट नेमका चेहऱ्याचा तोच भाग झाकतो. पडद्यावरच्या खुणा मूल कुठे पाहते आहे ते सांगतात. त्याला काय कळले ते सांगत नाहीत. मुलेही एकमेकांना दिसेनाशी होतात. वर्ग म्हणून जे काही असते ते तेवढ्या वेळापुरते विरून जाते, आणि चाळीस मुले चाळीस ठिकाणी एकेकटी असतात.

त्यातही चाळीस संच नसतातच. आठ-दहा असतात. मग दहा मुले पाहणार आणि बाकीची वाट पाहणार. पट्टा सैल, चष्मा आत मावत नाही, एकाची बॅटरी उतरलेली, एकाला चित्र पुसट दिसते. यात तासिका संपते. शाळेचा कारभार ज्यांना ठाऊक आहे त्यांना आणखी एक गोष्ट माहीत असते. आलेली प्रत्येक महाग वस्तू डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढते आणि तपासणीत ती मुख्याध्यापकांना दाखवावी लागते. हरवली किंवा फुटली तर जाब त्यांना द्यायचा असतो. म्हणून ती कपाटात, कुलपात जाते. याला मानसिकता म्हणणे चूक आहे. वापरण्यापेक्षा न वापरणे ज्या व्यवस्थेत सुरक्षित आहे, तिच्यात सुज्ञ माणूस असेच वागतो.

लॅरी क्युबन यांनी १९८६ साली ‘टीचर्स अँड मशीन्स’ या पुस्तकात अमेरिकी शाळांत १९२० नंतर आलेल्या चित्रपट, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांचा इतिहास मांडला. प्रत्येक वेळी आधी मोठी आश्वासने, मग फारसा वापर नाही हे दाखवणारी पाहणी, आणि मग शिक्षकांना दोष, असे चक्र त्यांना आढळले. थॉमस एडिसनने १९१३ मध्येच सांगून टाकले होते की चित्रपटापुढे शाळेतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील. क्युबन यांचे म्हणणे मला आजही अचूक वाटते: शिक्षक यंत्रांच्या विरोधात नसतात, एकाच वेळी पुष्कळ मुलांना शिकवणे, शिस्त राखणे, ठरलेला भाग पुरा करणे या कामांत जे बसते ते ते घेतात. पाठ्यपुस्तक घेतले, फळा घेतला, आणि आपल्याकडे तर कुणी न सांगता व्हॉट्सॲपही घेतले. त्यासाठी कुणाची मानसिकता बदलावी लागली नाही.

शिक्षकांच्या नकारामागे शिकण्याविषयीची काही खरी जाण आहे का, हे आता पुराव्यावर तपासू. जोसेलिन परोंग आणि रिचर्ड मेयर यांनी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात केलेला प्रयोग माझ्या दृष्टीने या वादातला सर्वांत बोधक आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने हेडसेट घालून रक्तप्रवाहातून आणि पेशीच्या आतून सफर केली. दुसऱ्या गटाने तोच मजकूर संगणकावर साध्या स्लाइड्सच्या रूपाने आपल्या गतीने पाहिला. हेडसेटच्या गटाला धडा अधिक रंजक वाटला, अधिक उत्साह वाटला. पण नंतरच्या चाचणीत स्लाइड्सच्या गटाने त्यांना मागे टाकले. पुढच्याच वर्षी गुइडो माक्रान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये ५२ विद्यापीठीय विद्यार्थ्यांवर प्रयोगशाळेचे एकच आभासी प्रारूप दोन तऱ्हांनी वापरून पाहिले, संगणकाच्या पडद्यावर आणि हेडसेटमध्ये. मेंदूतल्या विद्युत्‌लहरीही मोजल्या. हेडसेटमध्ये ‘आपण तिथे आहोत’ ही भावना वाढली, मेंदूवरचा भार वाढला, आणि शिकणे कमी झाले.

हे असे का व्हावे? माणसाची काम करणारी स्मृती तोकडी असते. एका वेळी थोड्याच गोष्टी तिच्यात मावतात. चारी बाजूंनी वेढणाऱ्या दृश्यात कुठे पाहावे, काय सोडावे हे ठरवण्यातच ती खर्च होते. नवखा विद्यार्थी आणि तज्ज्ञ यांच्यात फरक हाच की तज्ज्ञाला काय दुर्लक्षायचे ते ठाऊक असते. पाठ्यपुस्तकातली हृदयाची आकृती सपाट आहे, रंग खोटे आहेत, निम्मे तपशील गाळलेले आहेत, आणि ती उपयोगी आहे ती याचमुळे. कुणीतरी जाणकाराने गाळण्याचे काम आधी करून ठेवलेले असते. ज्या सपाटपणाला पूर्वपक्ष उणीव मानतो, त्यात पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण्याची अक्कल साठलेली आहे.

परोंग आणि मेयर यांच्या लेखाचा दुसरा भाग फारसा कुणी सांगत नाही. दुसऱ्या प्रयोगात त्यांनी हेडसेटमधली सफर तुकड्यांत विभागली आणि प्रत्येक तुकड्यानंतर विद्यार्थ्यांना थांबवून, पाहिलेल्याचा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहायला लावला. तेव्हा शिकणे सुधारले आणि गोडीही कमी झाली नाही. हेडसेट तोच होता. फरक पडला तो थांबवून लिहायला लावल्याने, म्हणजे कोणताही बरा शिक्षक पूर्वीपासून जे करतो त्याने.

मग त्या ३५ अभ्यासांच्या विश्लेषणाचे काय? त्यातला सरासरी परिणाम ०.२४ होता. परिणामाचा आकार सांगणाऱ्या या मोजपट्टीवर ०.२ च्या आसपासचा परिणाम लहान गणला जातो. तो शून्य नाही, आणि मी तो नाकारत नाही. पण त्याच्याबरोबर रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ साली दिलेला इशाराही वाचायला हवा. माध्यमांची तुलना करणाऱ्या कितीतरी अभ्यासांची छाननी करून त्यांनी दाखवले की नव्या माध्यमाच्या बाजूने दिसणारा फायदा पुष्कळदा नावीन्याचा असतो आणि सवय झाली की ओसरतो. शिवाय दोन्ही गटांना एकाच शिक्षकाने शिकवले की तो आणखी आक्रसतो. त्यांनी दिलेला दृष्टान्त प्रसिद्ध आहे: किराणा घेऊन येणारा ट्रक बदलल्याने खाणाऱ्याचे पोषण बदलत नाही. रॉबर्ट कोझ्मा यांनी १९९४ मध्ये याला विरोध करून म्हटले की काही माध्यमे काही गोष्टी अशा दाखवू शकतात ज्या दुसऱ्यांना जमत नाहीत. मला कोझ्मा यांचे म्हणणे अंशतः पटते, आणि माझे पुढचे मंडन त्याच फटीतून निघते. आणखी एक खबरदारी: आभासी वास्तवाच्या बाजूने वारंवार पुढे केले जाणारे २०१४ चे मर्चंट आणि सहकाऱ्यांचे विश्लेषण हेडसेटविषयी नाहीच. ते संगणकाच्या पडद्यावरचे खेळ, प्रारूपे आणि आभासी जगे यांच्याविषयी आहे. त्यातले आकडे हेडसेटच्या खात्यात जमा करणे बरोबर नाही.

हीच गफलत शस्त्रक्रियेच्या उदाहरणात होते. डॉक्टर आभासी वास्तवावर शिकतात, मग दहावीचे मूल का नाही, असे विचारले जाते. आधार असतो येल विद्यापीठातल्या २००२ च्या अभ्यासाचा. अभ्यास उत्तम आहे. १६ निवासी शल्यचिकित्सकांपैकी निम्म्यांना सराव-यंत्रावर शिकवले आणि मग सर्वांनी खऱ्या रुग्णांवर दुर्बिणीतून पित्ताशय सोडवण्याची शस्त्रक्रिया केली. यंत्रावर सराव केलेल्यांनी ती २९ टक्के कमी वेळात केली. न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे भाजण्याची शक्यता पाचपट होती. पण ते यंत्र कसे होते? डोक्यावर काहीच नव्हते. समोर साधा संगणकाचा पडदा, हातात शस्त्रक्रियेच्या उपकरणांच्या मुठी, आणि पडद्यावर अवयव नव्हे तर गोळ्यांसारखे साधे आकार. गुंगवून टाकणारे त्यात काहीही नव्हते. त्यात होते ते असे: शेवटी जे काम हातांनी करायचे तेच हात वापरत होते, प्रत्येक चूक मोजली जात होती, आणि अनुभवी शल्यचिकित्सकांनी गाठलेल्या पातळीपर्यंत पोहोचेस्तोवर सुटका नव्हती. शिकवले ते या तीन गोष्टींनी. हृदयाच्या कप्प्यांत फिरवून आणणाऱ्या दहा मिनिटांच्या सफरीत यांतली एकही नसते. विद्यार्थी तिथे फक्त पाहुणा असतो.

शरीराच्या अडचणी थोडक्यात. हेडसेटमध्ये दोन्ही डोळे दूरच्या-जवळच्या वस्तूकडे वळतात, पण डोळ्याच्या भिंगाची जुळवणी एकाच अंतरावर खिळलेली राहते; काहींना यामुळे डोळे दुखतात. नजरेला हालचाल दिसते आणि शरीराला जाणवत नाही, तेव्हा मळमळते. क्वेस्ट २ च्या भिंगांमधले अंतर ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर असे तीनच टप्प्यांत बदलता येत असे. प्राथमिक शाळेतल्या बहुतेक मुलांच्या डोळ्यांतले अंतर त्यांतल्या सर्वांत लहान टप्प्यापेक्षाही कमी असते. तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी हे साधन नाही, असे निर्मातेच त्या वेळी सांगत होते. पुढे २०२३ मध्ये ती मर्यादा पालकांच्या देखरेखीच्या अटीवर दहा वर्षांवर आणली गेली. तेव्हा मुलाला उलटीसारखे होते म्हणून शिक्षिकेने तास थांबवला, तर ती तंत्रज्ञानाला घाबरली असे कृपया कुणी लिहू नये.

राहिला सर्वांत मोठा, आणि भावनेला हात घालणारा युक्तिवाद: ज्या मुलाला समुद्र कधी दिसणार नाही, ज्या शाळेत प्रयोगशाळा नाही, त्याच्यासाठी तरी आभासी वास्तव हवे. ही कळकळ माझीही आहे. म्हणूनच या युक्तिवादाचा राग येतो. २०२३-२४ च्या यूडायस अहवालाप्रमाणे देशातल्या ५७.२ टक्के शाळांत चालू संगणक होते आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट. ज्या मुलाच्या नावाने हेडसेट मागितले जातात ते मूल बहुधा उरलेल्या शाळांत बसलेले असते, आणि हेडसेट जातात दुसऱ्याच शाळांत. समजा त्याच्यापर्यंत ते पोहोचले, तर एका संचाच्या पैशांत भिंगे, परीक्षानळ्या, चुंबक, एक सूक्ष्मदर्शक येतो. दोन-चार संचांच्या पैशांत सगळा वर्ग एसटीच्या सहलीने खराखुरा समुद्र पाहून येतो. खऱ्या समुद्राच्या पाण्याची चव घेता येते, वाळूत खेकड्याचे बीळ उकरता येते, आणि तिथे मूल असा प्रश्न विचारते ज्याचे उत्तर कुणी आधी भरून ठेवलेले नसते.

प्रयोगशाळा नसलेल्या मुलांना विज्ञान कसे शिकवावे याचा आपल्या देशात भक्कम अनुभव आहे. मध्य प्रदेशात १९७२ साली सोळा शाळांतून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ मध्ये सरकारने बंद करेपर्यंत तीस वर्षे चालला. गावातल्या मुलांनी स्वस्त साहित्यावर स्वतः प्रयोग करायचे, नोंदी ठेवायच्या, आपसांत वाद घालायचे. त्या कार्यक्रमाने परीक्षाही बदलली: पुस्तक उघडे ठेवून लिहायची आणि प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवायची. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सेल, तांब्याची तार, दोन सेफ्टी पिना आणि एक चुंबक यांतून फिरणारी मोटर मुलांकडून करवून घेतली. हेडसेटमधली मोटर कधीच बिघडत नाही. सेफ्टी पिनेवरची मोटर पहिल्यांदा बहुतेक वेळा फिरत नाही, आणि ती का फिरत नाही हे शोधताना मुलाला तारेवरचे वार्निश नीट खरवडले नाही हे सापडते. विद्युतप्रवाह काय असतो ते त्याला तिथे कळते.

सामग्रीविषयीही आपल्याकडे धडा आहे. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी नेण्याचा साइट प्रयोग झाला. तो वर्षभराने संपला, उपग्रह परत गेला. त्याच काळात गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पिज या गावच्या लहान प्रक्षेपकावरून सुरू झालेला कार्यक्रम पुढे अनेक वर्षे टिकला. तिथे कार्यक्रम स्थानिक गुजरातीत आणि गावकऱ्यांच्या प्रश्नांवर होत. आजच्या शैक्षणिक आभासी सामग्रीपैकी बहुतेक इंग्रजीत आहे आणि परक्या अभ्यासक्रमासाठी केलेली आहे. तिच्यावर मराठी आवाज चढवला म्हणजे ती आपल्या नववीच्या पुस्तकाशी जुळते असे नाही. आणि सामग्री जुळली तरी परीक्षा उरतेच: जोवर बारावीच्या विज्ञान विषयांत ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे, ही वाटणी आहे आणि त्या तीसांतही ठरलेलेच प्रयोग आहेत, तोवर शिक्षक आपला वेळ कशाला देईल हे सांगायला सर्वेक्षण नको.

याचा अर्थ हेडसेट कुठेच नकोत असा नाही. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन, जे या तंत्राचे विरोधक मुळीच नाहीत, एक कसोटी सांगतात: प्रत्यक्षात करणे धोक्याचे, अशक्य, अनिष्ट किंवा फार खर्चिक असेल तेव्हाच आभासी वास्तव वापरावे. ही कसोटी प्रामाणिकपणे लावली तर शाळेचा बहुतांश अभ्यासक्रम गळून पडतो आणि काही जागा ठळक उरतात. वेल्डिंग ही त्यांतली एक. शिकाऊ हाताने वाया जाणारे लोखंड आणि इलेक्ट्रोड, डोळ्यांना आणि हातांना असलेला धोका, आणि हाताच्या कोनात-वेगात झालेली प्रत्येक चूक मोजण्याची सोय, असे सगळे त्यात जुळून येते. आयोवा स्टेट विद्यापीठातल्या अभ्यासात सोप्या जोडकामासाठी निव्वळ आभासी सराव पुरला. अवघड जोडकामासाठी त्याला खऱ्या ठिणग्यांसमोरच्या सरावाची जोड लागली. आपल्या आयटीआयमध्ये हे साधन शोभेल, कारण तिथे तुकडी लहान असते, निदेशक शेजारी उभा असतो आणि शेवटची परीक्षा खऱ्या धातूवर होते. खाणकाम, अग्निशमन, उच्च दाबाच्या विजेची कामे, वैद्यकीय महाविद्यालयांतल्या कौशल्य-प्रयोगशाळा, यांचेही तेच. शाळेतही एखादा भाग निघेल. ग्रहांच्या कक्षा किंवा रेणूची त्रिमितीतली रचना मुलांना सपाट कागदावर खरोखरच जड जाते.

पण तो भाग कोणता, हे ठरवण्याचा क्रम उलटा हवा. आज आधी संच येतात आणि मग त्यांच्यासाठी धडे शोधले जातात. त्याऐवजी केंद्रशाळेच्या शिक्षण परिषदेत शिक्षकांना विचारावे की पुस्तक, फळा, प्रयोग आणि सहल हे सगळे करूनही कोणता भाग मुलांपर्यंत पोहोचत नाही. ती यादी लहान असेल. तिच्यातल्या दोन-तीन भागांसाठी, त्याच शिक्षकांना पगारी वेळ देऊन मराठीत सामग्री करावी, तुकड्यातुकड्यांत, मध्ये थांबून लिहिण्याची जागा ठेवून. आणि हेडसेटच्या गटाची तुलना, त्याच शिक्षकाने चांगल्या आकृतीवर शिकवलेल्या गटाशी, महिन्याने घेतलेल्या चाचणीत करावी. संच शाळेच्या नावावर न टाकता तालुक्याच्या ठिकाणी ठेवावेत आणि फिरते द्यावेत, म्हणजे फुटल्याचा भुर्दंड एका मुख्याध्यापकावर पडणार नाही. आणि निविदेत एक अट लेखी असावी: पुरवठादाराने सेवा बंद केली तरी सामग्री शाळेकडे चालू अवस्थेत राहील आणि दुसऱ्या कंपनीच्या साधनावरही उघडेल. ज्याला ही अट मान्य नसेल त्याच्याकडून एकही संच घेऊ नये.